पोटात पाय आणि ताटात गोगलगाय

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण तुम्ही मराठीच्या पेपरात कितीतरी वेळा लिहिली असेल. दिसायला गरीब, पण आतून पक्का, अशा माणसाला आपण ती लावतो. गंमत म्हणजे, शास्त्रज्ञांनी जेव्हा या प्राण्यांच्या वर्गाला नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी नाव दिलं 'गॅस्ट्रोपोडा'. ग्रीक भाषेत गॅस्टर म्हणजे पोट आणि पोडोस म्हणजे पायाचा. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला मराठी शब्द आहे उदरपाद. म्हणजे काय झालं? आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी आणि युरोपातल्या पंडितांनी एकमेकांना न विचारता एकाच प्राण्याला एकच नाव दिलं, पोटपाया!

तर असा हा पोटपाया प्राणी फ्रान्समध्ये लोक आवडीने खातात. सणासुदीला, पाहुणे आले की, नाताळाच्या जेवणात. फ्रेंच भाषेत त्याला म्हणतात एस्कार्गो. शेवटी 'ट' लिहायचा, पण म्हणायचा नाही!

आता तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या तोंडून 'शी!' निघालं असेल. निघू दे. मला आज तुमच्याशी या 'शी'बद्दलच बोलायचं आहे.

२००६ सालच्या डिसेंबरात कामानिमित्त मी आणि माझी पुण्याची एक मैत्रीण फ्रान्समधल्या दिजाँ शहरात होतो. दिजाँ हे बर्गंडी प्रांताचं मुख्य शहर. इथली मोहरीची चटणी जगभर जाते आणि शहराबाहेर पडलं की मैलोन्‌मैल द्राक्षमळे दिसतात. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीच्या आजीने आम्हा दोघींना नाताळाच्या आठवड्यात जेवायला बोलावलं. आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला फ्रेंच जेमतेम. नात मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं पोचवत होती.

घरात पाऊल टाकलं आणि लसणाचा असा खमंग वास आला की वाटलं, कुणीतरी वरणाला फोडणीच दिली आहे! थोड्या वेळाने आजींनी समोर थाळी ठेवली. तिला आपल्या आप्पेपात्रासारखे सहा खळगे होते. प्रत्येक खळग्यात एक तपकिरी, गोल वळणाचा शंख तोंड वर करून बसवलेला. तोंडाशी हिरवं लोणी रटरटत होतं. हिरवं कशाने, तर पार्सलीने. आपल्या कोथिंबिरीची ही युरोपातली चुलत बहीण.

थाळीबरोबर दोन हत्यारं मिळाली. एक चिमटा आणि एक दोन दातांचा छोटा काटा. आपली सांडशी दाबली की पकडते. हा चिमटा उलट! दाबला की उघडतो आणि सोडला की शंख घट्ट धरतो. डाव्या हातात चिमट्याने शंख धरायचा, उजव्या हाताने काटा आत घालून अलगद फिरवायचा, की आतला घास बाहेर येतो. शंखात उरलेलं लोणी थाळीत ओतायचं आणि पावाने पुसून खायचं. पाव पुसताना आजींच्या चेहऱ्यावर जो आनंद होता ना, तो मी आमच्याकडे माशाच्या कालवणात भात कालवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

माझी मैत्रीण पक्की शाकाहारी. तिने हात जोडून सांगितलं, "आजी, मी मांसमच्छी खात नाही." आजींच्या कपाळावर एकही आठी आली नाही. त्या उठल्या आणि त्याच लोण्यात, त्याच लसणात परतलेली अळंबी घेऊन आल्या. मैत्रिणीनेही नाक मुरडलं नाही. उलट माझ्या थाळीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हे कसं करतात?" आजी एकदम खुलल्या. माणसाला त्याच्या घरच्या पदार्थाबद्दल विचारलं की तो खुलतोच, मग तो दिजाँचा असो की दापोलीचा.

मी खाल्लं का? हो, खाल्लं. आधी लसूण लागला, मग लोणी, मग थोडं मऊ, थोडं चिवट असं काहीतरी. डोळे बांधून कुणी भरवलं असतं, तर मी छातीठोकपणे म्हटलं असतं, ही तर आमच्याकडची तिसरी!

आणि ते अगदीच चूक ठरलं नसतं. आमचं घर मूळचं रत्नागिरीकडचं. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. आई त्या पाण्यात घालून ठेवायची, म्हणजे पोटातली वाळू त्या टाकून देतात. मग विळीवर उघडून, ओल्या नारळाचं वाटण लावून सुकं करायची. तिसरी आणि गोगलगाय यांची भावकी एकच. दोघीही मृदुकाय प्राणी, म्हणजे मऊ अंगाच्या आणि चुन्याचं घर बांधणाऱ्या. एकीने समुद्राकाठी राहायचं ठरवलं, दुसरी जमिनीवर आली, एवढाच काय तो फरक. पण आम्ही तिसरीला 'वा!' म्हणतो आणि गोगलगायीला 'शी!'.

हा 'शी' माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मी सहावीत असताना आम्ही कोकणातून शहरात राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात आईने डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. डबा उघडला आणि शेजारच्या दोघी नाकाला रुमाल लावून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. मागून कुणीतरी मोठ्याने 'शी!' म्हटलं. सगळा वर्ग हसला. मी डबा मिटला आणि घरी येऊन आईला सांगितलं, "उद्यापासून बटाट्याची भाजीच दे." तिने का म्हणून विचारलं नाही. तिला समजलं असावं. मला आठवतं, त्या दिवशी राग आला तो माझ्यापेक्षा आईसाठी. पहाटे उठून तिने ती सुकट निवडली होती, भाजली होती. त्या एका अक्षराने तिच्या सगळ्या मेहनतीला घाण म्हटलं होतं.

पुढे महिन्याभराने एक मुलगी हळूच माझ्याजवळ आली. "त्या दिवशी तू आणलेलं ते काय होतं गं? कसं करतात?" तिने चव घेतली नाही. त्यांच्या घरी चालत नव्हतं. पण तिने विचारलं आणि माझं नीट ऐकून घेतलं. शाळा सुटेपर्यंत आमची मैत्री टिकली.

असो. आजींनी आम्हाला जे सांगितलं, ते आता तुम्हाला सांगते.

बर्गंडीच्या या गोगलगायीचं शास्त्रीय नाव हेलिक्स पोमाशिया. शंख तीन ते पाच सेंटिमीटरचा. थंडी पडू लागली की ती जमिनीत शिरते, अंग शंखात ओढून घेते आणि तोंडावर चुन्याचं पांढरं झाकण बसवते. घराला आतून कडीच घालते म्हणा ना! तिच्या नावातला 'पोमा' म्हणजे ग्रीक भाषेत झाकणच. सगळा हिवाळा ती अशी निजून काढते. जुन्या काळी लोक मुद्दाम ही झाकणवाली गोगलगाय शोधत, कारण ती कित्येक दिवसांची उपाशी असते, तिचं पोट स्वच्छ असतं. इतर दिवसांत पकडलेल्या गोगलगायींना लगेच शिजवत नाहीत. आधी काही दिवस उपाशी ठेवतात. का? तर माणसाला विषारी असलेली एखादी वनस्पती तिने खाल्लेली असू शकते. तेवढ्या दिवसांत ती पोटातून निघून जाते. बघा, आमच्या तिसऱ्यांना पाण्यात ठेवण्यातली आणि यातली अक्कल एकच!

मग त्या अनेक पाण्यांनी धुवायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या, शंखातून बाहेर घ्यायच्या आणि मसाल्याची पानं, गाजर, कांदा घातलेल्या पाण्यात मंद आचेवर कितीतरी वेळ शिजवायच्या. शंख वेगळे उकळून लख्ख करायचे. शेवटी मांस परत शंखात घालून वर लसूण-पार्सलीचं लोणी लिंपायचं आणि भट्टीत ठेवायचं. हल्ली पुष्कळ घरांत शिजवलेल्या गोगलगायी डब्यातून विकत आणतात आणि शंखांचं पाकीट वेगळं मिळतं. म्हणजे तुमच्या थाळीत घर एकीचं आणि भाडेकरू दुसरीच, असं सर्रास होतं.

हे खाणं काही आजचं नाही. स्पेनमध्ये बेनिदोर्म गावाजवळ कोवा दे ला बार्रियादा नावाची जागा आहे. तिथे तीस हजार वर्षांपूर्वीच्या चुलींजवळ संशोधकांना गोगलगायींच्या शंखांचे ढीग सापडले. २०१४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. ते शंख वाढ पुरी झालेल्या गोगलगायींचे होते. म्हणजे अश्मयुगातली ती माणसंही मोठ्या तेवढ्या निवडून घेत होती!

रोमन लोकांनी तर गोगलगायींसाठी चक्क गोठे बांधले. फुल्वियस लिप्पिनस नावाच्या गृहस्थाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात जाती-जातींच्या गोगलगायी वेगवेगळ्या कुंपणांत पाळल्या. आटवलेला द्राक्षरस आणि पीठ चारून तो त्यांना लठ्ठ करायचा, असं थोरल्या प्लिनीने लिहून ठेवलं आहे. पुढे ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे, पण गोगलगाय चालत असे, कारण ती मांसात धरत नसत. यात हसण्यासारखं काही नाही हं! उपासाला बटाटा चालतो आणि वांगं का चालत नाही, हे आपल्याला तरी कुठे नीट सांगता येतं?

शंखात लसणाचं लोणी घालण्याची ही तऱ्हा पॅरिसमध्ये गाजली, त्याचीही एक गोष्ट सांगतात. १८१४ साली रशियाचा झार पहिला अलेक्झांडर पॅरिसला आला होता. तालेराँ या मुत्सद्द्याने त्याला मेजवानी दिली आणि कारेम नावाच्या नामांकित आचाऱ्याने त्या मेजवानीत हा पदार्थ वाढला. गोष्ट अगदी तशीच घडली की नाही कुणास ठाऊक, पण त्यानंतरच्या काळात बर्गंडीतल्या शेतकऱ्याच्या घरचा घास मोठमोठ्या हॉटेलांच्या यादीत जाऊन बसला, एवढं खरं.

इथपर्यंत सगळं छान. पण मी आजींना विचारलं, "या गोगलगायी तुमच्या मळ्यातल्या का?" तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नाही. डब्यावर हंगेरी लिहिलेलं आहे."

त्यांच्या लहानपणी पाऊस पडून गेला की सगळी भावंडं कंदील आणि टोपली घेऊन बाहेर पडायची. मळ्यांच्या कडेला झुडपांची दाट कुंपणं होती. त्यांच्या बुंध्याशी ओल्या गवतात गोगलगायी असायच्या. तासाभरात टोपली भरायची. द्राक्षांची पानं खाणारी कीड कमी होते म्हणून मळेवालेही खूश. पुढे मळ्यांवर औषधांचे फवारे आले. यंत्रं फिरायला जागा हवी म्हणून कुंपणाची झुडपं तोडली गेली. आणि हॉटेलांना हव्यात म्हणून गोळा करणाऱ्यांच्या टोपल्या मात्र मोठ्या होत गेल्या.

गोगलगाय बिचारी सगळ्याच बाबतीत सावकाश. हेलिक्स पोमाशियाला वयात यायला दोन ते चार वर्षं लागतात. मग ती मातीत खड्डा करून त्यात काही डझन अंडी घालते. त्यातली बरीचशी पिल्लं भुंगे, पक्षी आणि साळिंदराचा युरोपातला छोटा काटेरी दोस्त जाहक यांच्या पोटात जातात. अशा प्राण्याला टोपल्यांनी उचललं तर तो टिकणार कसा? शेवटी २४ एप्रिल १९७९ रोजी फ्रेंच सरकारने आदेश काढला. १ एप्रिल ते ३० जून या अंडी घालण्याच्या दिवसांत ही गोगलगाय गोळा करायची नाही. आणि तीन सेंटिमीटरपेक्षा लहान शंखाची तर वर्षभर कधीच उचलायची नाही. अश्मयुगातली माणसं जे करत होती, ते सांगायला विसाव्या शतकात कायदा करावा लागला!

आज फ्रान्समध्ये 'बर्गंडीची गोगलगाय' म्हणून जी खाल्ली जाते, ती बहुतेक मध्य आणि पूर्व युरोपातल्या देशांतून येते. पोलंड, हंगेरी, रुमानिया या देशांच्या रानांतून. काही फ्रेंच शेतकरी गोगलगायी पाळतात, पण त्या दुसऱ्या जातीच्या, काही महिन्यांत वाढणाऱ्या. वसंतात इवलीशी पिल्लं कुंपणाच्या वाफ्यात सोडायची, लपायला लाकडी फळ्या ठेवायच्या, पिठात खडूची भुकटी मिसळून द्यायची, म्हणजे शंख मजबूत होतो. बर्गंडीची खरी गोगलगाय मात्र अशी घाईने वाढत नाही. ती अजूनही रानाचीच आहे.

तेव्हा माझ्या मनात आलं, आपण खाण्याबद्दल चुकीचाच प्रश्न विचारतो. 'शी, हे कसं खातात?' हा प्रश्न नव्हेच. त्याचं उत्तर सोपं आहे. जिथे जे मिळालं, जे पोटाला मानवलं, ते आई-आजीने चविष्ट केलं आणि पोराबाळांना भरवलं. बंगाल-बिहारमध्ये तळ्यातल्या गोगलगायींचं कालवण होतं, नागालँडमध्ये होतं. ओडिशातल्या मयूरभंजच्या आदिवासी लोकांच्या लाल मुंग्यांच्या चटणीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्या हापूस आंब्याला आहे. खरे प्रश्न वेगळे आहेत. हे कसं करतात? हे आलं कुठून? आणि आपण असंच खात राहिलो, तर पुढच्यांसाठी उरणार का? हे प्रश्न गोगलगायीला लागू आहेत तसेच आपल्या सुरमईला आणि पापलेटलाही लागू आहेत. 'शी' म्हणणारा हे तिन्ही प्रश्न विचारायच्या आधीच दार लावून घेतो.

आता तुमच्यातला एखादा चतुर विचारेल, मग आपल्या शेतातल्या गोगलगायी आपणच का खाऊन टाकू नयेत? प्रश्न रास्त आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागांत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. ही शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणून बागेत सोडली आणि तिथून तिचा भारतभर पसारा झाला. पण मित्रांनो, तिला पकडून कढईत टाकायचा विचार मुळीच करू नका! तिच्या अंगात उंदरांकडून आलेले बारीक जंत असू शकतात. ते माणसाच्या मेंदूपर्यंत पोचले तर मोठं आजारपण येतं. शिवाय शेतात मारलेलं औषध तिच्या पोटात असू शकतं. तिला नुसत्या हाताने उचलूही नये. कोणता जीव खाण्यासारखा, तो कसा निवडायचा, किती दिवस उपाशी ठेवायचा, किती शिजवायचा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपावं लागतं. आजींच्या थाळीत खरं तर ते ज्ञानच वाढलेलं होतं.

पण गोगलगायीशी ओळख करून घ्यायला तिला खावंच लागतं असं थोडंच आहे! येत्या पावसाळ्यात बागेतली एखादी छोटी गोगलगाय पानासकट उचला आणि काचेच्या तुकड्यावर अलगद सोडा. ती चालू लागली की काच वर धरून खालून बघा. तिच्या तळव्यावरून शेपटीकडून डोक्याकडे एकामागून एक लाटा सरकताना दिसतील. हाच तो पोटातला पाय! बघून झालं की तिला होती तिथेच ठेवा आणि हात साबणाने स्वच्छ धुवा. मग डबा उघडायला हरकत नाही. शेजारच्याच्या डब्यात काही नवीन दिसलं, तर काय विचारायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहेच.